विसर्जित राज्याचे कैदी

रुबेन वार्दान्यान नागोर्नो-काराबाखच्या आर्मेनियन सरकारचे प्रमुख होते ते जेमतेम साडेतीन महिने. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी पद स्वीकारले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना ते सोडावे लागले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला, आर्मेनियाकडे निघालेल्या निर्वासितांच्या लोंढ्यातून, अझरबैजानच्या सीमारक्षकांनी त्यांना पकडले. दुसऱ्याच दिवशी ते राज्य विसर्जित करण्याचा हुकूम निघाला. फेब्रुवारी २०२६ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकूच्या लष्करी न्यायालयाने त्यांना २० वर्षांची कैद सुनावली. त्यापूर्वी काही दिवस याच न्यायालयाने काराबाखच्या इतर नेत्यांना जन्मठेप किंवा दीर्घ मुदतीच्या कैदेची शिक्षा दिली होती, आणि त्यांत त्या राज्याचे तीन माजी राष्ट्राध्यक्षही होते.

संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने या राज्याला मान्यता दिली नव्हती, आर्मेनियानेसुद्धा नाही. अशा राज्यात पद भूषवणे हाच गुन्हा ठरतो का, आणि युद्धातले खरे गुन्हे निवडून काढायचे तर ते काम कोणत्या न्यायालयाने करायचे, हे या खटल्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर शोधताना काराबाखचा इतिहास टाळता येत नाही.

नागोर्नो-काराबाख म्हणजे दक्षिण कॉकेशसमधला सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख. सोव्हिएत सत्तेने १९२३ मध्ये तो स्वायत्त प्रांत म्हणून सोव्हिएत अझरबैजानला जोडला. तिथली बहुसंख्य वस्ती आर्मेनियन होती. १९८९ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या सुमारे १ लाख ८९ हजार होती आणि तिच्यात तीन चतुर्थांशांहून अधिक आर्मेनियन होते. सोव्हिएत संघ ढिला पडू लागला तेव्हा, २० फेब्रुवारी १९८८ रोजी, प्रांतिक परिषदेने आर्मेनियात सामील करून घेण्याची मागणी केली. आठवड्याभरातच बाकूजवळच्या सुमगाईत शहरात आर्मेनियनांवर हल्ले झाले, घरांत घुसून माणसे मारली गेली. त्यानंतर दोन्ही प्रजासत्ताकांतून दुसऱ्या समाजाचे लोक जीव मुठीत धरून पळू लागले. सप्टेंबर १९९१ मध्ये काराबाखच्या आर्मेनियनांनी वेगळ्या प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये सार्वमत घेतले. स्थानिक अझरबैजानी समाजाने त्यावर बहिष्कार टाकला. सोव्हिएत संघ मोडला आणि चकमकींचे रूपांतर उघड युद्धात झाले.

१९९४ च्या शस्त्रसंधीपर्यंत सुमारे ३० हजार माणसे मारली गेली. आर्मेनियन बाजू जिंकली होती. काराबाख तर तिच्या हाती आलेच, शिवाय भोवतालच्या सात अझरबैजानी जिल्ह्यांचा पूर्ण किंवा काही भाग तिने व्यापला. तिथून पाच लाखांहून अधिक अझरबैजानी लोक हाकलले गेले. आगदाम हे गजबजलेले शहर इतके लुटले आणि पाडले गेले की मशीद सोडली तर तिथे धड उभी इमारत क्वचितच उरली. त्याआधी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, खोजाली गावातून पळणाऱ्या शेकडो अझरबैजानी नागरिकांची हत्या झाली होती. अझरबैजानच्या सरकारी नोंदीनुसार मृतांची संख्या ६१३ आहे. त्या युद्धात बेपत्ता झालेल्या जवळपास चार हजार अझरबैजानींचा शोध अजून चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये चार ठराव करून व्यापलेल्या जिल्ह्यांतून सैन्य मागे घ्यायला सांगितले, पण ते ठराव कागदावरच राहिले. बाकूच्या न्यायालयात काराबाखच्या नेत्यांना आरोपी म्हणून उभे केले गेले तेव्हा अझरबैजानी समाजाच्या मनात हा सगळा हिशेब होता. तो खरा आहे. आर्मेनियनांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तो झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही.

पुढची जवळजवळ तीन दशके हे राज्य चालले. राजधानी स्तेपानाकेर्त, स्वतःची संसद, सैन्य, टपाल तिकिटे आणि निवडणुकाही. २०१७ मध्ये त्याने ‘आर्त्साख’ हे जुने आर्मेनियन नाव अधिकृतपणे घेतले. पैसा, वीज, पासपोर्ट आणि संरक्षण यांसाठी मात्र ते आर्मेनियावर अवलंबून होते, आणि आर्मेनियाशी जोडणारा मुख्य रस्ता लाचिन गावावरून जात होता. दरम्यान तेलाच्या पैशावर अझरबैजानने सैन्य उभारले. २७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ४४ दिवसांच्या युद्धात तुर्की आणि इस्रायली ड्रोनांनी आर्मेनियन रणगाडे आणि तोफा टिपून काढल्या. डोंगरावरचे शुशा शहर पडले, तेव्हा स्तेपानाकेर्त थेट माऱ्याच्या टप्प्यात आले. ९ नोव्हेंबरला रशियाच्या मध्यस्थीने तह झाला. सात जिल्हे अझरबैजानला परत गेले. उरलेल्या काराबाखच्या रक्षणासाठी १,९६० रशियन शांतिसैनिक तैनात झाले आणि लाचिनचा पाच किलोमीटर रुंदीचा पट्टा त्यांच्या देखरेखीखाली आला.

अशा खचलेल्या, तुकड्याने उरलेल्या राज्यात वार्दान्यान दाखल झाले. त्यांचा जन्म १९६८ मध्ये आर्मेनियाची राजधानी येरेवानला झाला, शिक्षण मॉस्को विद्यापीठात अर्थशास्त्राचे. नव्वदच्या दशकात काराबाखमध्ये लढाई चालू होती तेव्हा ते मॉस्कोत शेअर बाजार उभा करणाऱ्या तरुण मंडळींपैकी एक होते. ‘त्रोइका डायलॉग’ ही त्यांची गुंतवणूक संस्था रशियातल्या सर्वांत मोठ्या खासगी संस्थांपैकी एक झाली आणि २०१२ च्या सुमारास सरकारी बँक स्बेरबँकने ती विकत घेतली. २०१९ मध्ये शोधपत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने या संस्थेशी निगडित परदेशी कंपन्यांच्या जाळ्यातून अब्जावधी डॉलर फिरवले गेल्याचे वृत्त दिले. आपण काही बेकायदा केले नाही, असे वार्दान्यान यांचे म्हणणे होते. हा आरोप अझरबैजानच्या नेत्यांनी पुढे त्यांच्याविरुद्ध वारंवार वापरला.

मिळवलेल्या पैशाचा मोठा भाग त्यांनी आर्मेनियात लावला. तातेवच्या प्राचीन मठाकडे जाणारा, वोरोतान नदीच्या दरीवरून ५.७ किलोमीटर झेपावणारा रोपवे २०१० मध्ये सुरू झाला आणि जगातला आपल्या प्रकारचा सर्वांत लांब म्हणून नोंदला गेला. २०१५ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘ऑरोरा’ पुरस्कार स्थापला. १९१५ च्या वंशसंहारातून वाचलेल्या आर्मेनियनांच्या वतीने, इतरांचे प्राण वाचवणाऱ्यांना तो दिला जातो. २०१४ मध्ये दिलिजान या डोंगरी गावात त्यांनी पत्नीसह एक आंतरराष्ट्रीय निवासी शाळा उघडली. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही शाळा अगदीच परकी नाही. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात असलेले महिंद्रा कॉलेज ज्या ‘युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ परिवारातले, त्याच परिवारातली ती आहे. वेगवेगळ्या देशांची, कधी कधी एकमेकांशी वैर असलेल्या देशांची मुले एकत्र राहून शिकावीत, ही या परिवाराची मूळ कल्पना.

१ सप्टेंबर २०२२ रोजी वार्दान्यान यांनी रशियन नागरिकत्व सोडून काराबाखमध्ये राहायला जात असल्याचे जाहीर केले. युक्रेन युद्ध सुरू होऊन सहा महिने झाले होते आणि रशियन श्रीमंतांवर निर्बंध येत होते, त्यामुळे या निर्णयामागच्या हेतूबद्दल येरेवानमध्ये आणि बाकूमध्येही तर्क लढवले गेले. मॉस्कोने पाठवलेला माणूस, अशी शंका अनेकांनी बोलून दाखवली. पण नंतर जे घडले ते पाहता, मॉस्कोचे छत्र असलेल्या माणसाच्या वाट्याला हे आले असते असे वाटत नाही. ४ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष आराईक हारुत्युन्यान यांनी त्यांना सरकारचे प्रमुख नेमले. २०१७ च्या घटनेनंतर काराबाखात पंतप्रधानपद उरले नव्हते आणि हे पद त्याच्या जागी होते.

पाच-सहा आठवड्यांतच वेढा पडला. १२ डिसेंबर २०२२ रोजी पर्यावरणवादी म्हणवणाऱ्या अझरबैजानी निदर्शकांनी शुशाजवळ लाचिनचा रस्ता अडवला. काराबाखमधल्या खाणींविरुद्ध हे आंदोलन असल्याचे सांगितले गेले. नागरी निदर्शनांवर कडक बंदोबस्त असणाऱ्या देशात सरकारच्या मर्जीशिवाय असे आंदोलन महिनोन्‌महिने चालणे शक्य नव्हते. सुमारे १ लाख २० हजार लोकांच्या मुलखाला येणारा माल आटला. जानेवारीपासून तांदूळ, साखर, तेल, पास्ता कूपनवर मिळू लागले. आर्मेनियातून येणारा वीजपुरवठा तुटला आणि गॅस कधी यायचा, कधी नाही. सारसांग धरणाच्या पाण्यावर जेवढी वीज होईल तेवढी तासांच्या पाळ्या लावून वाटली जाई, आणि धरणही आटत चालले होते. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वार्दान्यान यांचा सगळा कार्यकाळ या टंचाईच्या व्यवस्थापनात गेला. इंग्रजीत आणि रशियनमध्ये जगाशी थेट बोलू शकणारा, परदेशी वाहिन्यांना रोज मुलाखती देणारा नेता काराबाखला प्रथमच मिळाला होता, आणि बाकूला नेमके तेच खुपत होते.

१८ फेब्रुवारी २०२३ रोजी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष इल्हाम अलियेव यांनी सांगितले की काराबाखच्या आर्मेनियनांशी बोलायची आपली तयारी आहे, पण रशियातून आणून बसवलेल्या वार्दान्यान यांच्याशी नाही. ते आधी तिथून गेले पाहिजेत. पाच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, हारुत्युन्यान यांनी त्यांना पदावरून दूर केले. वेढा उठला नाही. आदल्याच दिवशी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लाचिन रस्त्यावरची वाहतूक विनाअडथळा चालू राहील यासाठी अझरबैजानने सर्व उपाय योजावेत, असा अंतरिम आदेश दिला होता. तोही पाळला गेला नाही. एप्रिलमध्ये हकारी नदीवरच्या पुलाशी अझरबैजानने आपले तपासणी नाके उभे केले आणि जूनच्या मध्यापासून रेडक्रॉसच्या गाड्यांनाही जवळपास बंदी झाली. वार्दान्यान पद गेल्यावरही काराबाख सोडून गेले नाहीत. त्यांना तेव्हा जाता आले असते की नाही हा प्रश्न वेगळा. राहण्याचा निर्णय त्यांनी जाहीरपणे घेतला होता.

त्या नाक्यावर काय होऊ शकते याची चुणूक जुलैच्या शेवटी दिसली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी रेडक्रॉसच्या देखरेखीखाली आर्मेनियात नेल्या जात असलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थाला अझरबैजानी अधिकाऱ्यांनी गाडीतून उतरवून ताब्यात घेतले. १९९१ मध्ये एका खेड्यात अझरबैजानी नागरिकांच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा आरोप ठेवला गेला. त्यांनी तो नाकारला. त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. यानंतर काराबाखमध्ये लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष त्या पुलाला भिऊ लागला. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे पहिले अभियोक्ता लुईस मोरेनो ओकाम्पो यांनी, उपासमार घडवणारा हा वेढा वंशसंहाराच्या व्याख्येत बसतो, असे मत मांडले. अझरबैजानने ते फेटाळले.

१९ सप्टेंबर २०२३ रोजी अझरबैजानने हल्ला केला. त्याला त्यांनी दहशतवादविरोधी कारवाई असे नाव दिले. नऊ महिन्यांच्या उपासाने थकलेल्या काराबाखने चोवीस तासांत शस्त्रे खाली ठेवण्याचे मान्य केले. रशियन शांतिसैनिक जागेवरच होते. आर्मेनियाने या वेळी सैन्य पाठवले नाही. २४ सप्टेंबरला लाचिनचा रस्ता बाहेर जाण्यासाठी उघडला आणि अख्खा मुलूख एकाच वेळी निघाला. स्तेपानाकेर्तपासून आर्मेनियातल्या गोरिसपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आत, एरवी दोन-अडीच तासांचे. त्या आठवड्यात गाड्यांना दीड-दीड दिवस लागला. टपांवर गाद्या बांधलेल्या, मागच्या आसनावर म्हातारी माणसे आणि लहान मुले दाटीने बसलेली, आणि डोंगराच्या वळणांवर न हलणारी रांग. २५ तारखेला स्तेपानाकेर्तबाहेरच्या एका इंधनसाठ्यावर पेट्रोलसाठी लोक जमलेले असताना स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. आठवडाभरात एक लाखाहून अधिक लोक आर्मेनियात पोचले. मागे उरले ते मोजकेच, बहुतेक वृद्ध किंवा आजारी.

रस्ता एकच होता आणि त्यावर तपासणी नाके होते. सामान्य माणसांना जाऊ दिले गेले, पण पुरुषांचे चेहरे आणि कागदपत्रे पडताळली जात होती. २७ तारखेला वार्दान्यान यांना तिथे थांबवले गेले. बातमी प्रथम त्यांच्या पत्नीने जाहीर केली, मग अझरबैजानच्या सीमासुरक्षा दलाने त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंनी दंड पकडलेले गणवेशधारी आणि मध्ये वार्दान्यान. त्यांना बाकूला नेऊन राज्य सुरक्षा सेवेच्या कोठडीत ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी माजी परराष्ट्रमंत्री दाविद बाबायान यांनी कळवले की आपले नाव बाकूच्या यादीत आहे आणि आपण हजर झालो नाही तर लोकांना त्याचा त्रास होईल. ते स्वतः शुशाला जाऊन स्वाधीन झाले. लष्कराचे माजी सेनापती लेव्होन म्नात्साकान्यान आणि उपसेनापती दाविथ मानुक्यान यांना पुढच्या दिवशी पकडण्यात आले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हारुत्युन्यान, त्यांच्याआधीचे राष्ट्राध्यक्ष बाको सहाक्यान आणि अर्कादी घुकास्यान, आणि संसदेचे अध्यक्ष दाविथ इश्खान्यान यांनाही बाकूला नेण्यात आले. १९९७ पासून २०२३ पर्यंतचे सगळे राष्ट्राध्यक्ष त्यांत आले. बाहेर राहिले ते फक्त शेवटचे, सामवेल शाहरामान्यान. ते काही दिवसांपूर्वीच निवडून आले होते आणि १ जानेवारी २०२४ पासून सर्व राज्यसंस्था विसर्जित होतील, या २८ सप्टेंबरच्या हुकुमावर सही त्यांचीच होती. येरेवानला पोचल्यावर त्यांनी त्या हुकुमाची वैधता नाकारली, पण तोपर्यंत नाकारायला जमीन उरली नव्हती. मार्च २०२४ मध्ये स्तेपानाकेर्तमधली संसदेची इमारत पाडली गेली. त्या उन्हाळ्यापर्यंत रशियन शांतिसैनिकही परत गेले.

वार्दान्यान यांच्यावर सुरुवातीला तीन आरोप होते: दहशतवादाला पैसा पुरवणे, बेकायदा सशस्त्र दलांत भाग घेणे आणि बेकायदा सीमा ओलांडणे. तिसरा आरोप नीट पाहिला की सगळ्या खटल्याचे तर्कशास्त्र उलगडते. आर्मेनियातून लाचिनमार्गे काराबाखात जाणे हे अझरबैजानच्या परवानगीशिवाय त्याच्या हद्दीत शिरणे, असा त्याचा अर्थ. रशियन शांतिसैनिकांनी राखलेल्या त्या रस्त्याने वेढा पडेपर्यंत दोन वर्षे हजारो माणसे ये-जा करत होती. पुढे आरोपांची संख्या ४२ वर गेली. आक्रमक युद्धाची आखणी, खून, खुनाचा प्रयत्न, दहशतवाद, सगळे त्यात आले. त्यांनी ते सर्व नाकारले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी सुमारे वीस दिवस उपोषण केले. त्या काळात त्यांना शिक्षेच्या खोलीत ठेवून पाणी आणि झोप यांवर निर्बंध घातले गेले, अशी तक्रार त्यांच्या वकिलांनी संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिवेदकाकडे केली. अझरबैजानने छळाचा आरोप फेटाळला.

खटले १७ जानेवारी २०२५ रोजी बाकूच्या लष्करी न्यायालयात सुरू झाले. इतर नेते आणि काही सैनिक-नागरिक अशा पंधरा जणांचा एक खटला, आणि वार्दान्यान यांचा वेगळा. प्रकरणाचे कागद ४२२ खंडांचे होते आणि ते वाचायला आपल्याला पुरेसा वेळ दिला गेला नाही, असे त्यांनी कळवले. सुनावणी उघड असल्याचे अधिकृतपणे सांगितले गेले, पण आत प्रवेश होता तो सरकारी वृत्तसंस्थांना. परदेशी पत्रकार, राजदूत आणि स्वतंत्र निरीक्षक यांना दारे बंद होती. जगाला न्यायालयातले जे काही दिसले, ते सरकारी वाहिनीने कापून दाखवलेले. फेब्रुवारीत वार्दान्यान यांनी पुन्हा उपोषण सुरू केले आणि ते तीन आठवड्यांहून अधिक काळ चालले. मार्चमध्ये युरोपियन संसदेने सर्व आर्मेनियन कैद्यांच्या सुटकेची मागणी करणारा ठराव केला. बाकूने तो अंतर्गत कारभारात ढवळाढवळ म्हणून झिडकारला.

इथे कायद्याची बाजू थोडी खोलात पाहिली पाहिजे, कारण ती दिसते तितकी एकतर्फी नाही. काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार अझरबैजानचा भाग होता. आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनी ही गोष्ट २०२२ आणि २०२३ मध्ये स्वतः मान्य केली. त्यामुळे तिथे घडलेल्या गुन्ह्यांवर अझरबैजानी न्यायालयाला अधिकार नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. खोजालीचे मारेकरी किंवा ऑक्टोबर २०२० मध्ये गांजा शहरातल्या वस्तीवर पडलेल्या क्षेपणास्त्रांचे जबाबदार लोक शोधण्याचा हक्क पीडितांना आहेच. मान्यताप्राप्त राष्ट्रप्रमुखाला परक्या देशाच्या न्यायालयांपासून जे संरक्षण मिळते, ते काराबाखच्या राष्ट्राध्यक्षांना मिळण्याचाही प्रश्न नव्हता, कारण जगाच्या नोंदीत ते राष्ट्रप्रमुख नव्हतेच.

पण युद्धाच्या कायद्यात एक जुना भेद आहे. दोन देशांच्या युद्धात लढलेल्या सैनिकावर केवळ लढला म्हणून खटला भरता येत नाही. नागरिकांवर हल्ला, कैद्यांची हत्या असा ठराविक गुन्हा त्याच्या नावावर सिद्ध करावा लागतो. लढाई संपली की युद्धकैद्यांना सोडावे, हे तिसऱ्या जिनिव्हा कराराचे सांगणे आहे. अझरबैजानने २०२३ ची कारवाई अंतर्गत दहशतवादाविरुद्धची ठरवली आणि सैनिकांना, सेनापतींना, मंत्र्यांना, खासदारांना एकाच मापाने मोजले. अशा हिशेबात ते राज्य कधी अस्तित्वातच नव्हते, पण त्याचे प्रत्येक पद मात्र गुन्ह्याचा पुरावा ठरते. वार्दान्यान यांच्या बाबतीत ही विसंगती सर्वांत ठळक आहे. पहिल्या युद्धात ते मॉस्कोत होते, २०२० च्या युद्धात त्यांच्याकडे काराबाखात कोणतेही पद नव्हते, आणि साडेतीन महिन्यांचा त्यांचा कार्यकाळ कूपनांचे धान्य वाटण्यात गेला. युद्धगुन्ह्याचा न्याय व्हायचा तर कोणी, कधी, कुणाला काय केले हे उघड्या दालनात, साक्षीदारांची उलटतपासणी होऊन ठरावे लागते. दार बंद ठेवून चाललेल्या खटल्याने खोजालीच्या मृतांनाही न्याय मिळालेला नाही, कारण त्या निकालावर अझरबैजानबाहेर फार थोडे लोक विश्वास ठेवतील.

कोसळलेल्या फुटीर राज्यांच्या नेत्यांचे इतरत्र काय झाले, हे पाहिले तर दोन वेगळे मार्ग दिसतात. नायजेरियातून फुटलेले बियाफ्रा १९७० मध्ये शरण आले. त्याचे नेते ओजुक्वू आयव्हरी कोस्टला पळाले आणि १९८२ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी देऊन परत येऊ दिले. क्रोएशियातले सर्बांचे क्रायिना राज्य १९९५ मध्ये काही दिवसांत पडले आणि दोन लाखांच्या आसपास सर्ब लोक पळून गेले. काराबाखशी याचे साम्य चटकन जाणवते. पण क्रायिनाचे नेते मिलान मार्तिच यांच्यावर खटला जिंकलेल्या क्रोएशियाने चालवला नाही. तो हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे चालला, बचावाला पूर्ण संधी मिळाली, आणि २००७ मध्ये नेमक्या कृत्यांवरून त्यांना ३५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच लवादापुढे क्रोएशियन सेनापतींवरही खटले चालले. ते शेवटी सुटले, पण त्यांच्या बाजूचीही झाडाझडती झाली. काराबाखच्या बाबतीत असा लवाद नेमला गेला नाही. वेढ्याबद्दल, किंवा सप्टेंबर २०२३ च्या हल्ल्याबद्दल अझरबैजानमध्ये कोणावरही खटला चालल्याचे दिसत नाही.

फेब्रुवारी २०२६ च्या निकालात हारुत्युन्यान, बाबायान, इश्खान्यान, म्नात्साकान्यान आणि मानुक्यान यांना जन्मठेप झाली. पासष्टी ओलांडलेल्या पुरुषाला अझरबैजानी कायद्यात जन्मठेप देता येत नाही. त्या वयाच्या घुकास्यान आणि सहाक्यान यांना २० वर्षे मिळाली. वार्दान्यान यांच्यासाठीही सरकारी पक्षाने जन्मठेप मागितली होती. २० वर्षे अटकेच्या दिवसापासून मोजली तर ते २०४३ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी सुटतील.

दरम्यान दोन देशांमधले राजकारण पुढे सरकले आहे. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या केल्या. त्याच्या १७ कलमांत कैद्यांचा उल्लेख नाही. काराबाखच्या विस्थापितांच्या परतीचाही नाही, जरी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना सुरक्षितपणे परत येऊ द्यावे असा अंतरिम आदेश दिलेला होता. तीस वर्षे या वादासाठी नेमलेला युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेचा मिन्स्क गट दोन्ही देशांच्या विनंतीवरून बरखास्त झाला. पाशिन्यान सरकारचे म्हणणे असे की कैद्यांचा विषय गाजावाजा न करता हाताळला तरच सुटेल. जानेवारी २०२६ मध्ये अझरबैजानने चार आर्मेनियन कैदी सोडले, त्यांत हृदयरोगाने आजारी असलेले ते वृद्ध गृहस्थही होते. उरले १९. येरेवानमधल्या विस्थापितांना मात्र असे वाटते की तहाच्या घाईत आपले माजी राष्ट्राध्यक्ष अडचणीचे ओझे झाले आहेत, आणि या भावनेला आधार नाही असे म्हणणे कठीण आहे.

कैद्यांना भेटणारी एकमेव तटस्थ संस्था होती ती आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस. २०२५ मध्ये अझरबैजानने तिला आपले बाकूतले कार्यालय बंद करायला लावले. त्यामुळे कैद्यांची प्रकृती कशी आहे हे बाहेरच्या तटस्थ माणसाला प्रत्यक्ष पाहता येत नाही, आणि घरच्यांची मदार फोनवरच्या थोडक्या बोलण्यावर आहे. सुटकेचे तीन रस्ते दिसतात. अझरबैजानी राष्ट्राध्यक्षांची माफी हा पहिला, शिक्षा झालेल्या कैद्यांना मायदेशी सोपवण्याचा दोन्ही सरकारांमधला समझोता हा दुसरा, आणि स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातली दाद हा तिसरा. पहिले दोन पूर्णपणे बाकूच्या मर्जीवर आहेत. तिसऱ्याला वर्षे लागतात आणि निकाल पाळण्यासाठी पुन्हा बाकूवरच विसंबावे लागते. शिवाय शांतता करार अमलात आल्यावर महिन्याभरात दोन्ही देशांनी एकमेकांविरुद्धचे सर्व आंतरराष्ट्रीय दावे मागे घ्यावेत किंवा मिटवावेत, असे त्याच कराराच्या १५ व्या कलमात लिहिले आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला, ज्यात वरचे अंतरिम आदेश निघाले तो आर्मेनियाचा दावाही त्यात येतो. तो मागे घेतला गेला की या कैद्यांच्या वतीने आंतरराष्ट्रीय न्यायालयात बोलणारे कोणतेही सरकार उरणार नाही, आणि राहील ती फक्त त्यांच्या कुटुंबीयांची आणि वकिलांची वैयक्तिक दाद.